कीपरला बघायला कोण येतं?

"टॅलेंट लपत नाही राव. असेल तर कुठूनही वर येतं. धोनी बघ ना, रांचीचा!"

हे वाक्य मी पुण्यातल्या चार हापिसांत मिळून पन्नासेक वेळा तरी ऐकलं असेल. आयपीएलचा लिलाव जवळ आला की हमखास ऐकू येतं. परवा कॅन्टीनमध्ये पुन्हा ऐकलं आणि मी पुन्हा गप्प बसलो, कारण दोनला मीटिंग होती आणि बोलणारा माझा मॅनेजर होता. आज शनिवार आहे. आज बोलतो.

आधी ते धोनीचंच घेऊ, कारण सगळे त्याच्यावर येऊनच थांबतात. धोनी 'वर आला' नाही. त्याला बघायला माणूस पाठवला होता. क्रिकेट मंडळाची टॅलेंट रिसोर्स डेव्हलपमेंट विंग नावाची एक शाखा होती. कल्पना आपल्या मकरंद वायंगणकरांची, अध्यक्ष दिलीप वेंगसरकर. काम असं की जुन्याजाणत्या खेळाडूंनी छोट्या गावांत जायचं, सामने बघायचे, रिपोर्ट लिहायचा. त्यातले प्रकाश पोद्दार २००३ मध्ये जमशेदपूरला गेले. वेंगसरकरांनी नंतर सांगितलेली हकिकत अशी की पोद्दार बघत होते भलताच सामना, एकोणीस वर्षांखालचा. शेजारच्या कीनन स्टेडियममधून चेंडू सारखे बाहेर येऊन पडायला लागले, म्हणून हा कोण मारतोय याची चौकशी केली. योजनेत वयाची अट एकोणीसची आणि हा गडी एकवीसचा. पोद्दारांनी आग्रह धरला म्हणून अपवाद झाला.

आता यात लपलेलं टॅलेंट आपोआप वर आलं ते कुठे? एक योजना, एक म्हातारा माणूस, एक अपवाद आणि शेजारीशेजारी असलेली दोन मैदानं. यातलं एक जरी गळलं असतं तर? पुढे मंडळातली सत्ता बदलली आणि ती शाखाही बंद पडली, हे वेंगसरकरच सांगतात. हा भाग मात्र कॅन्टीनमध्ये कुणी सांगत नाही.

आणि माझा खरा मुद्दा पुढेच आहे. पोद्दारांना धोनीची बॅट दिसली. कीपिंगवर काम करावं लागेल असंच त्यांचं मत होतं. चेंडू भिंतीवरून बाहेर येतो तो बॅटमुळे. उत्तम कीपरचा चेंडू कुठेही जात नाही, तो ग्लोव्हजमध्ये राहतो. आवाज नाही, टाळी नाही. तो उत्तम आहे हे कळायला कुणीतरी दोन दिवस मैदानात बसून फक्त त्याच्याकडे बघावं लागतं. म्हणजे 'टॅलेंट लपत नाही' हे वाक्य सगळ्यात खोटं कुठे पडत असेल, तर स्टंपच्या मागे.

मी हे एवढं छातीठोकपणे सांगतो कारण मी कीपर होतो. म्हणजे, दुसरा कीपर. हिंगोलीत बीएस्सी करत असताना आमच्या कॉलेजच्या टीममध्ये पहिला कीपर कायम एकच होता आणि मी बाराव्या नंबरवर पाण्याच्या बाटल्या नेणारा. २००६ चं साल. बाउंड्रीबाहेर बसून मी त्याला इतकं पाहिलंय की आजही डोळे मिटले तर दिसतो. मॅटवर चेंडू कसा उसळतो हे जे खेळलेत त्यांना माहीत आहे. आमचा एक ऑफस्पिनर होता, त्याचे सहापैकी दोन चेंडू लेगला जायचे. फलंदाजाचं सगळं अंग मध्ये, चेंडू दिसत नाही, आणि हा पठ्ठ्या चेंडूच्या आधी तिथे पोचलेला असायचा. उसळीबरोबर उठायचा, आधी कधीच नाही. ग्लोव्हज फाटके, आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा. त्याच जागेवर मी उभा राहिलो की बाय जायच्या. फरक एवढा साधा होता.

तर स्कोअरबुकात काय लिहिलं जायचं? बाय ०. त्याने अडवलेले चेंडू कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. फलंदाजीत तो आठव्या नंबरवर, वीस-बावीस धावा करणारा.

एकदा एका निवड चाचणीला गेला. कुठल्या ते सोडा. रात्रभर ट्रॅव्हल्सचा प्रवास, सकाळी नंबर लावला, दुपारी आत बोलावलं. बारा चेंडू फलंदाजी दिली. "कीपर आहे" म्हणाला तर उत्तर आलं, "कीपर आहेत आमच्याकडे." ग्लोव्हज बॅगेतून बाहेरसुद्धा निघाले नाहीत. परत आल्यावर तो यावर एक शब्द बोलला नाही. बोंब मारली ती मीच.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये याच जागेवरच्या माणसाला कॅचर म्हणतात. आपल्या कीपरचा चुलतभाऊच, फक्त उकिडवा बसलेला आणि जास्त जबाबदार, कारण कुठला चेंडू टाकायचा हे पिचरला खुणेने बहुतेक तोच सांगतो. तिकडच्या व्यावसायिक टीम्स कॉलेजची पोरं ड्राफ्टमधून निवडतात, आणि त्याआधी प्रत्येक टीमने देश वाटून दिलेला असतो. एका प्रदेशाला एक स्काउट. तो कुठल्यातरी आडगावच्या कॉलेजच्या मैदानावर स्टॉपवॉच घेऊन बसतो. चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये आल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या फील्डरच्या ग्लोव्हमध्ये पोचेपर्यंत किती वेळ? दोन सेकंदांच्या आसपास चालतं, त्याखाली जितकं जाल तितकं चांगलं. पण घड्याळावर भागत नाही हे त्यालाही ठाऊक असतं. बऱ्याच कॉलेजांत चेंडू कुठला टाकायचा हे कोचच बाकावरून सांगतो, त्यामुळे पोराचं स्वतःचं डोकं किती चालतं ते आकड्यांतून कळत नाही. मग स्काउट पुन्हा येतो. धावा गेल्यावर हा पिचरपाशी जाऊन काय करतो, हरत असताना कसा बसतो, हे बघायला.

त्यांचंही सगळं आलबेल आहे असं नाही. माइक पियाझा हा तिथला फार मोठा कॅचर. १९८८ च्या ड्राफ्टमध्ये त्याला घेतलं बासष्टाव्या फेरीत, १३९० व्या नंबरवर, तेही डॉजर्सचे मॅनेजर टॉमी लसोर्डा त्याच्या वडिलांचे मित्र म्हणून. म्हणजे शुद्ध वशिला! तोपर्यंत तो कॅचर नव्हताच, नंतर शिकला. २०१६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. इतके स्काउट, इतकी स्टॉपवॉचेस, तरी हा माणूस त्यांच्या हातून जवळपास निसटला होता. जिथे बघणारे आहेत तिथे ही गत, तर जिथे कुणी फिरकतच नाही तिथे किती निसटले असतील?

आता तुम्ही म्हणाल, मराठवाड्यातून आले की खेळाडू. आले ना. जालन्याचा विजय झोल, पैठणचा अंकित बावणे, तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर, बीडचा सचिन धस. अभिमान आहेच. पण ही यादी जरा नीट वाचा. झोलने २०११ मध्ये एकोणीस वर्षांखालच्या सामन्यात आसामविरुद्ध नाबाद ४५१ केल्या. चारशे एक्कावन्न! एवढा आवाज केल्यावर पुण्यालाही ऐकू येतं. बाकीचेही एकतर धावा काढणारे, नाहीतर वेगात टाकणारे. कीपर एकही नाही. आणि बीडला जन्मलेला संजय बांगर रणजी खेळला तो रेल्वेकडून, हेही लक्षात असू द्या.

दुसरा आक्षेप आपल्या जातकुळीचा, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांचा. "आता ॲप्स आहेत, गल्लीतल्या मॅचचाही स्कोअर ऑनलाइन असतो, डेटा काढा, मॉडेल बसवा." मित्रांनो, मी पोटासाठी डेटाबेसच सांभाळतो. जो रकाना नाही त्यावर क्वेरी चालत नाही. सुटलेला झेल स्कोअरकार्डात नसतो, लेगला अडवलेला चेंडू नसतो, नवख्या स्पिनरला मागून दिलेला धीर नसतो. अमेरिकेत कॅचरचं असं काम थोडंफार मोजता यायला लागलं ते मैदानात चेंडूचा माग घेणारे कॅमेरे बसल्यावर. आमच्या रामलीला मैदानावर तुम्ही ते बसवणार आहात का? मग माणूस पाठवा, तो स्वस्त पडेल.

आणि तुम्ही-आम्ही तरी कसे आलो हो इथे? मी हिंगोलीहून नांदेडला एमसीए करायला गेलो (पदवीची एमसीए. क्रिकेटची एमसीए पुण्यात असते, आणि मराठवाडा तिच्याच हद्दीत येतो). २०१० मध्ये तिथे पूल कॅम्पस झाला. पुण्याहून एचआरची दोन माणसं आली, एक ॲप्टिट्यूड टेस्ट, दोन इंटरव्ह्यू, संपलं. ती दोन माणसं त्या दिवशी आली नसती तर मीही आज "हिंगोलीचा, पण हुशार हो!" एवढ्यावर संपलो असतो. आपल्या बाबतीत कुणीतरी आपल्या दाराशी आलं होतं. पण बोलताना आपण सांगतो की आपण स्वतःच्या गुणांवर आलो, आणि तेच वाक्य मग दुसऱ्याच्या तोंडावर फेकतो.

२०२३ पासून महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, तिथेही लिलाव होतो. चांगलं आहे. पण लिलावात नाव यायला आधी कुणीतरी नाव घ्यावं लागतं. माझी मागणी फार छोटी आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला दरवर्षी दोन निवृत्त कीपर पाठवा. बॅट्समन नकोत, बॉलर नकोत, कीपरच. हिंगोली, नांदेड, परभणी, लातूर, चार जिल्ह्यांची कॉलेजं त्यात येतात. त्यांनी स्कोअरबोर्डकडे पाठ करून बसायचं आणि प्रत्येक टीमच्या कीपरवर अर्धं पान लिहायचं. दोन माणसांचं भाडं, लॉज आणि जेवण. एवढ्यात आमच्या कंपनीची एक टीम पार्टी होत नाही.

आमचा तो पहिला कीपर आता वसमतला हळदीच्या अडतीवर असतो. दिवाळीत भेटलो तेव्हा मी त्याला हे सगळं लिहिणार म्हणून सांगितलं. तो हसला. बोलता बोलता पोराने मागून मोसंबी फेकली, ती त्याने मान न वळवता डाव्या हातात घेतली आणि मला म्हणाला, "चहा घेणार का?"