पिल्लू उपाशी, आणि सल्ले द्यायला अख्खं गाव हजर!

चिमट्याने सापाच्या पिल्लाचं तोंड फाकवून आत मांस कोंबणाऱ्याला 'सर्पतज्ज्ञ' म्हणायचं असेल, तर उद्यापासून पक्कड घेऊन बसणाऱ्या प्रत्येकाला दातांचा डॉक्टर म्हणा. बिल मात्र तुमच्या दाढेला भरावं लागेल!

दोन दिवसांपासून आपल्या गावच्या प्रत्येक ग्रुपवर ते रील फिरतंय. मागे दणदणीत गाणं, हातात वीतभर पिल्लू आणि खाली 'भाऊंनी जीव वाचवला', हात जोडलेले इमोजी. मला तीन जणांनी पाठवलं, 'बातमी लावा' म्हणून. बातमी लावणार नाही, पण चार गोष्टी लिहिणार आहे. ज्यांना झोंबेल त्यांनी खुशाल झोंबवून घ्यावं.

ते पिल्लू बॉल पायथनचं आहे. घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांकडचा हा लहान जातीचा अजगर. घाबरला की डोकं मधे घेऊन चेंडूसारखा गुंडाळतो, म्हणून ते नाव. कॉलेजात जाणाऱ्या एका पोराने ते विकत घेतलं. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून रात्रभर प्रवास करून ते इथे उतरलं आणि दीड महिना झाला, त्याने काही खाल्लेलं नाही. पोरगा घाबरला, त्याने ग्रुपवर विचारलं. इथवर त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. विचारणं बरंच.

पण उत्तरं बघा. दूध पाजा. अंडं फोडून द्या. कोंबडीचे तुकडे द्या. एका काकांनी तर नजर उतरवायला सांगितली. अहो, साप हा सस्तन प्राणी नाही, दूध त्याच्या पोटाला पचत नाही. नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध पितो तो कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असतो म्हणून. ते दूध श्वासनलिकेत गेलं की फुफ्फुसाला सूज येऊन तो मरतो. शाळेतली मुलं हे सांगतात, पण मोठ्यांच्या कानात शिरत नाही.

आता मूळ प्रश्न. पिल्लू खात का नाही? कारण ते घाबरलेलं आहे आणि गारठलेलं आहे. आफ्रिकेत हा साप दिवसभर उंदरांच्या बिळात, वाळवीच्या वारुळात दडून असतो. आपल्याकडे तो ठेवलाय कुठे? हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, चहूबाजूंनी काच असलेल्या पेटीत, लपायला जागा नाही. पाहुणा आला की बाहेर काढायचा, गळ्यात घालायचा, फोटो काढायचा. खाली थंडगार फरशी आणि बाहेर थंडीचे दिवस. सापाचं रक्त आपल्यासारखं आपोआप गरम राहत नाही. बाहेरून ऊब मिळाली तरच त्याचं अन्न पचतं. अंग गार असताना तो खात नाही, आणि खाल्लं तर उलटून टाकतो. तुम्ही त्याला हट्टी म्हणता. अशा पेटीत मीही जेवलो नसतो.

म्हणून आधी घर नीट करा, मग ताट वाढा. छोटा, बाहेरचं दिसणार नाही असा डबा घ्या. अंग घासून बसेल एवढ्या अरुंद दोन लपण्याच्या जागा द्या, एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला. उबदार बाजू ३१ ते ३३ अंश, थंड बाजू २५ ते २७. हे हाताने चाचपून कळत नाही, थर्मामीटर लावा. हीट पॅडला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर पोट भाजतं. पाणी कायम ठेवा. आणि मग आठवडाभर हात लावू नका. एकदाही नाही. रीलसाठी तर नाहीच नाही.

त्यानंतर खाणं, तेही संध्याकाळनंतर, अंधारात. सापाच्या सर्वात जाड भागाएवढंच उंदराचं पिल्लू, त्याहून मोठं नाही. घरात पकडलेला उंदीर चुकूनही देऊ नका. आपल्या पेठेत प्रत्येक दुकानात उंदराचं औषध टाकलेलं असतं, ते थेट सापाच्या पोटात जाईल. जिवंत मोठा उंदीर सोडून झोपायला गेलात तर सकाळी उंदरानेच साप कुरतडलेला सापडेल. गोठवलेलं भक्ष्य पिशवीत घालून कोमट पाण्यात पूर्ण उतरवायचं, ऊबदार करायचं, लांब चिमट्याने समोर धरायचं. या सापाच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, थंड मांस त्याला भक्ष्य वाटतच नाही. नाही घेतलं तर तिथेच ठेवून रात्रभर झाकून टाका. तरीही नाही घेतलं तर सकाळी काढून टाका आणि पाच-सात दिवस पुन्हा नाव काढू नका. रोज रोज नाकासमोर नाचवलं की ते आणखी घाबरतं. खाल्लं तर दोन दिवस हातात घेऊ नका.

दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहा. अंड्यातून निघालेलं पिल्लू साधारण साठ-सत्तर ग्रॅमचं असतं. वजन टिकून असेल तर थांबा. सतत उतरत असेल तर सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या पशुवैद्याकडे न्या, भले त्यासाठी जिल्ह्याबाहेर जावं लागो. तोंडात भरवणं हा शेवटचा उपाय आहे आणि तो त्यांच्याच हातचा आहे. जबडा नाजूक असतो, दात तुटतात, घशाला जखम होते.

आणि आता खरा चोर. अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे एक-दोन आठवडे, खातच नाही. त्यानंतर आपणहून चार-पाच वेळा खाल्लेलं पिल्लूच विकायला हवं. विकणाऱ्याने या पोराला जेवणाची नोंद दाखवली नाही, त्याने मागितली नाही. मागितली असती तरी काय दाखवणार होता, देव जाणे! २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे बिस्किटांच्या पाकिटांत दडवलेले बॉल पायथन सापडले होते. असा माल कुठून कुठे जातो, याचा विचार विकत घेणाऱ्याने करायचा की नाही?

कायदा सांगतो, ऐका. २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय करारातल्या विदेशी प्राण्यांची नोंद बंधनकारक झाली, २०२४ मध्ये त्याचे नियम आले. परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. या पोराकडे कागद आहे का, हे त्याने आजच बघावं. आणि आपला देशी अजगर, नाग, धामण यांचं पिल्लू घरात ठेवणं तर सरळ गुन्हाच. अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, तीन ते सात वर्षांची कैद आहे. 'थोडं मोठं करून सोडतो' म्हणणाऱ्या सर्पमित्रांनाही तोच कायदा लागू आहे, गळ्यातलं ओळखपत्र काही वाचवत नाही.

रील करणाऱ्या भाऊंना मी काल फोन केला. 'साप जिवंत आहे का?' विचारलं. म्हणाले, 'आहे, पण उलटी केली त्याने.' त्याला तसंच शांत ठेवा, निदान दहा दिवस काहीही देऊ नका, एवढं सांगून फोन ठेवला. पोराला मात्र काल रात्री मी स्वतः वजनकाटा आणि थर्मामीटर नेऊन दिला. आज सकाळचं वजन चौपन्न ग्रॅम.

देशी सापाचं पिल्लू कुठे सापडलं तर वन विभागाची हेल्पलाइन १९२६. डब्यात भरून ठेवू नका.