समुद्राकाठचे घर आणि आपाचे 320 फूट

कोल्हापूरच्या माणसाला समुद्र नाही. पंचगंगा आहे, रंकाळा आहे आणि सुट्टी लागली की आंबा घाट आहे. मलकापूर सोडले, घाट उतरला, साखरपा, पाली, हातखंबा मागे टाकले की रत्नागिरी. आमच्या स्टाफरूममधल्या पन्नाशीकडे झुकलेल्या प्रत्येक मास्तराचे स्वप्न ठरलेले आहे: निवृत्तीनंतर समुद्राजवळ चार गुंठे, दोन खोल्या, दारात माड. मीही त्यातलाच. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत जागा बघायला गेलो.

राजिवड्याच्या बाजूने भाट्याचा पूल ओलांडला की शहराचा आवाज मागे राहतो. सुरूचे बन, नारळ संशोधन केंद्र, मग फणसोप, कसोप, गोळप करत पावसकडे जाणारा रस्ता. दवाखाना आणि बाजार जवळ, पण दुपारी लाटांशिवाय काही ऐकू येत नाही. म्हातारपणी आणखी काय हवे?

पहिल्या प्लॉटसाठी एजंटला फोन केला. क्षेत्र, दर, रस्ता सगळे बोलून झाले. शेवटी त्याने नाव विचारले, मी सांगितले. ‘थांबा, मालकांना विचारतो,’ म्हणाला. पाच मिनिटांनी उलट फोन: ‘सर, तो गेला हो.’ जाहिरात पुढचे पंधरा दिवस तशीच होती.

हा अनुभव माझ्या वाचकांना नवा नाही. कागदावर कारण कधीच लिहिले जात नाही, त्यामुळे तक्रार तरी कशाची करणार? 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा नियम मान्य केला, म्हणजे कायद्याचा आधारही मर्यादितच. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1906 साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी करून मुसलमान मुलांच्या राहण्या-शिकण्याची सोय केली, त्या गावच्या माणसाला हे जास्तच लागते. मीही तावातावाने एक लेख लिहायला घेतला होता. तो अर्ध्यावर राहिला, त्याचे कारण दुसरे घर.

दुसरे घर आपल्याच माणसांचे होते. चिऱ्याच्या भिंती, कौले, लांब पडवी, मागे पाच-सहा हापूसची कलमे. दारे बंद. अशी बंद घरे या पट्ट्यात खूप आहेत. एक पिढी बोटीवर गेली, पुढची कुवेत, दुबई, कतारला गेली आणि त्यापुढची मुंब्रा-मीरा रोडला स्थिरावली. ज्या शांततेसाठी आपण पैसे मोजतो, तिच्यातली बरीचशी या बंद दारांची आहे.

मी थोडा अभ्यास करून गेलो होतो. शेतजमीन असेल तर कूळ कायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय घेता येत नाही, म्हणून बिगरशेती आदेश बघायचा. समुद्र दिसतो म्हणून भुलायचे नाही. भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात. 2011 च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर 200 मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद होते, 2019 च्या अधिसूचनेने ते दाट वस्तीच्या गावांत 50 मीटरवर आणले. शिवाय 2020 चे निसर्ग आणि 2021 चे तौक्ते ही वादळे कोकणाने पाहिलेली आहेत आणि मिऱ्याचा धूपप्रतिबंधक बंधारा दर पावसाळ्यात चर्चेत असतो. हे सगळे विचारून झाले. एजंटची उत्तरे तयार होती.

मग मी सातबारा उघडला. त्यावर चार नावे, चौघेही पुरुष. मी विचारले, यांना बहिणी नाहीत? एजंट हसला. ‘आहेत ना, तीन. त्यांचे हक्कसोड आधीच घेतलेय. एक राहिलीय, पण ती सही करेल. आजवर कुणी अडवले नाही.’

‘आजवर कुणी अडवले नाही.’ हे वाक्य घेऊन मी परत आंबा घाट चढलो.

माझे अब्बा गेले त्याला आता अकरा वर्षे झाली. कोल्हापुरातले आमचे घर 1600 चौरस फुटांच्या जागेवर आहे. आम्ही दोघे भाऊ, एक बहीण आणि तेव्हा अम्मी होती. चाळिसावा झाल्यावर महिन्याभरात आपाला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेले. ती मोठी, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी. तिने विचारले, ‘किधर करू सही?’ मी बोट दाखवले. मी, उर्दूचा मास्तर, ज्याला सूरह निसा वाचता येते, अर्थासकट. परतताना तिला रंकाळ्यावर भेळ खायला घातली आणि आम्हाला दोघा भावांना वाटले, काम झाले.

आता हिशेब करून बघा, माझ्या पाचवीच्या मुलांना जमेल असा आहे. अम्मीचा आठवा हिस्सा. उरलेल्या सात-अष्टमांशाचे पाच भाग, दोन-दोन भावांचे, एक बहिणीचा. म्हणजे आपाचे 40 पैकी 7 भाग, 1600 फुटांत 280 फूट. पुढे अम्मी गेली, तिच्या 200 फुटांतले आणखी 40 आपाचे. एकूण 320 चौरस फूट. माझी वर्गखोली याहून थोडीच मोठी आहे.

हा हिस्सा कुणी भावाने द्यायचा नसतो. आपल्या वारसा कायद्यात एकत्र कुटुंबाची मिळकत ही कल्पनाच नाही. माणूस गेला त्या क्षणी प्रत्येक वारसाचा अपूर्णांक ठरतो आणि त्याचा होतो. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव नाही म्हणून मालकी जात नाही, ती महसुली नोंद आहे, मालकीचा दाखला नव्हे. म्हणूनच खरेदीदारालाही सांगतो, बहिणीला वगळून भावांनी विकले तर तुम्हाला मिळतो फक्त भावांचा हिस्सा. उद्या तिची नात कोर्टात उभी राहिली तर तुमची समुद्राची हवा तारखांवर जाईल.

आपल्याकडची उत्तरे मला पाठ आहेत, मी स्वतः दिलेली आहेत. ‘तिच्या लग्नात खर्च केला.’ लग्नाचा खर्च म्हणजे वारसा नव्हे, आणि माझ्या लग्नातही झाला होता, माझा हिस्सा कुणी कापला नाही. ‘तिने खुशीने सोडला.’ खुशी ओळखायची सोपी कसोटी आहे: आधी तिच्या नावावर करा, कागद तिच्या हातात द्या, वर्षभर थांबा. मग तिने परत दिला तर ती खुशी. माहेर तुटेल या भीतीने, चार पुरुषांसमोर केलेली सही ती नव्हे. ‘मुलीला अर्धाच का?’ हा प्रश्न आपल्यात आणि बाहेरही विचारला जातो, आणि विचारला जायला हवा. पण ज्या घरांत अर्धाही दिला जात नाही, तिथे या वादाला बसण्याआधी तो अर्धा देऊन यावा.

नाव ऐकून प्लॉट नाकारणाऱ्या त्या मालकावरचा माझा राग गेलेला नाही. तो अन्यायच आहे आणि त्याबद्दल बोलत राहिले पाहिजे. पण त्याने एका अनोळखी माणसाला जागा नाकारली. मी माझ्या सख्ख्या बहिणीची, तिच्या स्वतःची असलेली जागा काढून घेतली, तीही सही-अंगठ्यासकट, साक्षीदारांसमोर. त्याच्याविरुद्ध लेख लिहायला बसलो तेव्हा माझीच फाईल कपाटात होती.

गेल्या महिन्यात धाकट्या भावाशी बोललो. आधी चिडला, मग गप्प झाला, मग म्हणाला, ‘बाजारभाव काढ.’ वकिलांचा सल्ला घेतला. आम्ही दोघे मिळून 320 फुटांची किंमत आजच्या दराने आपाला तीन हप्त्यांत देणार आहोत, लेखी. माझा वाटा म्हणजे जवळजवळ समुद्राकाठच्या प्लॉटचे इसाराचे पैसे. त्यामुळे भाट्याच्या पलीकडचे स्वप्न काही वर्षे पुढे गेले.

आपाला सांगायला गेलो. ‘रहन्दे रे, मेरेकू क्या करना है,’ असे ती म्हणेल, ही मनात कुठेतरी आशा होती, हे कबूल करतो. ती तसे म्हणाली नाही. थोडा वेळ बांगड्या चाचपत बसली. मग म्हणाली, ‘पहिला हप्ता कधी?’

तुमच्या घराची मिळकत पत्रिका काढून बघा. ऑनलाईन मिळते. तिच्यावर कुणाची नावे आहेत ते वाचा, मग कुणाची नाहीत ते मोजा.