घरात कुणी जेन्ट्स आहेत का?

“मॅडम, घरात कुणी जेन्ट्स आहेत का?”

इंटरनेट कंपनीच्या कस्टमर केअरमधला मुलगा विचारत होता. आवाज अगदी गोड, वय माझ्या भाच्याएवढं असेल. मी म्हटलं, “नाहीत. का बरं?” तर म्हणतो, “नाही, थोडं टेक्निकल आहे ना मॅडम, म्हणून.”

आता हे टेक्निकल म्हणजे काय, तर राउटर बंद करायचा, अर्धा मिनिट थांबायचं आणि पुन्हा चालू करायचा! मैत्रिणींनो, घरातला मिक्सर, गिझर, इन्व्हर्टर कोण बघतं हो? आमची पाण्याची मोटर एअर घेते, तेव्हा तिच्यात वरून पाणी ओतून ती चालू करायचं कसब आख्ख्या गल्लीत फक्त मला आणि शेजारच्या काकूंना आहे. तिथे कुणी जेन्ट्स विचारत नाही.

गोष्ट २०२५ च्या ऑक्टोबरमधली. लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली होती. आमच्या बचत गटातल्या बायका कामावरून परतल्या की माझ्याकडे जमायच्या. कुणाला वाचता येत नाही, कुणाचा साधा फोन, कुणाचा नेटपॅक संपलेला. महिन्याचे पंधराशे रुपये कुणाला किरकोळ वाटत असतील. गटातल्या एकीच्या सासूच्या गोळ्या आणि धाकटीची शिकवणी त्यातच भागते.

आणि आमचं नेट नेमकं तेव्हाच रुसलेलं. आधार नंबर टाकला, ओटीपी आला, तो भरला की पडद्यावर ते चाक फिरायला लागायचं. फिरतंय... फिरतंय... तोवर ओटीपीची मुदत संपलेली. शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागायचा. नवरा कुणाच्या तरी बांधकामावर, त्याला पुन्हा फोन करून “अहो, आता नवीन आलाय तो सांगा” म्हणायची त्या बिचारीवर पाळी. तो तिकडून खेकसायचा, ही इकडे ओशाळी व्हायची आणि मी यजमानीण असल्यामुळे जास्तच.

आधी वाटलं, साइटवरच गर्दी असेल. पण शेजारची डिप्लोमाला असलेली मुलगी आली, तिने तोच फोन वायफायवरून काढून मोबाइल डेटावर टाकला, तर पान फटकन उघडलं. म्हणजे दुखणं आमच्याच घरात. तिच्या डेटावर दोघींचं काम झालं आणि तिचा त्या दिवसाचा डेटा संपला.

मग सुरू झाले फोन. पहिल्या दिवशी राउटर बंद-चालू. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तक्रार नोंदवली, माणूस येईल म्हणाले. मी दिवाळीचे डबे घासत दिवसभर घरात. कुणीच आलं नाही. रात्री हे कारखान्यातून आले आणि म्हणाले, “अगं, मला मेसेज आलाय. तक्रार बंद केली म्हणे. ग्राहक उपलब्ध नाही.” कनेक्शन यांच्या नावावर, नंबर यांचा, त्यामुळे माणसाने फोन केला तो यांना. यांचा फोन ड्रॉवरमध्ये! ग्राहक घरात उभी आहे, पण कागदावर ती उपलब्ध नाही. असं एकदा नाही, तीनदा झालं.

शेवटी त्या मुलीनेच मला तपासायचं कसं ते शिकवलं. वायफाय मंद असणं आणि लाइन मंद असणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. घरातले बाकीचे फोन, टीव्ही वायफायवरून काढायचे आणि लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडून वेग मोजायचा. ट्रायचं ‘मायस्पीड’ नावाचं ॲप आहे, त्यावर फोनचाही वेग मोजता येतो. वायरने वेग पूर्ण मिळाला, तर लाइन ठीक, गडबड वायफायची. राउटर कपाटामागे असेल, मध्ये जाड भिंत असेल. राउटरचं २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय लांब पोचतं, पण मायक्रोवेव्ह चालू केला की अडखळू शकतं. ५ गिगाहर्ट्झचं वेगवान, पण भिंतीपलीकडे दमतं. आणखी एक गंमत कळली. जाहिरातीतले एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे ४० चा प्लॅन असला, तरी फाइल उतरते ती सेकंदाला फार तर ५ एमबीने. इतकी वर्षं मी उगाच चिडत होते.

आमच्याकडे वायरनेही जेमतेम ३ दाखवत होतं. म्हणजे लाइनच. चौथ्या फोनला मी हे आकडे वेळेसकट सांगितले आणि माझा नंबर लिहून घ्यायला लावला. जेन्ट्सचा विषय निघाला नाही. दुसऱ्या दिवशी माणूस हजर!

त्याने फायबरला छोटं मीटर लावलं. उणे २८. “काकू, लाइटच पोचत नाहीये,” म्हणाला. वायर हाताने चाचपत खिडकीपर्यंत गेला, पडदा सरकवला, तर स्लायडिंगच्या काचेखाली वायर चेपून दुमडलेली. आणि ती तिथे कुणी घातली? मीच! दिवाळीच्या साफसफाईत जळमटं काढताना लोंबती वायर मीच आत ढकलून खिडकी लावली होती. फायबरमधून प्रकाश जातो, वायर फार दुमडली की तो वाटेतच सांडतो, हे मला कुठे ठाऊक? त्याने खराब तुकडा कापून नवा जोड दिला. वीस मिनिटांत मीटर उणे २० वर, नेट ३८ वर. गटातल्या उरलेल्या नऊजणींची केवायसी त्याच संध्याकाळी झाली.

चूक माझी, मान्य. पण पहिल्याच फोनला त्या गोड आवाजाने “घरात अलीकडे काही हलवलंय का?” एवढं विचारलं असतं, तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं. यांना विचारून काय उपयोग होता? पडद्यामागे वायर आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. वस्तू कधी हलली, दिवा कधी लाल झाला, हे जिला माहीत तिलाच बाजूला करून तक्रार कशी सुटणार? कंपन्यांनी त्या मुलांच्या हातात दिलेला प्रश्नांचा कागद बदलायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आपणही थोडं बदलायला हवं. नवं कनेक्शन घेताना “नाव यांचंच टाका” हे आपल्या तोंडून सवयीने निघतं. निदान नंबर तरी आपला द्या. तक्रार केली की तिचा क्रमांक मागून वहीत लिहा. त्याने काम झालं नाही, तर कंपनीकडेच वरचं अपील करता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबरही फ्रिजवर चिकटवून ठेवा.

मीही आमचा नंबर बदलायचा अर्ज केला. त्याचा ओटीपी आला यांच्या फोनवर. फोन ड्रॉवरमध्ये! रात्री जेवताना यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा त्याची मुदत कधीच संपली होती. मग रविवारी यांना राउटरशेजारी बसवून ठेवलं, तेव्हा जमलं.