रेसिंग करायचंय? आधी गाडी घेऊ नका

"रेसिंगला सुरुवात करायचीय, कुठली गाडी घेऊ?" असं विचारणाऱ्या प्रत्येक वाचकाला माझं एकच सांगणं असतं. कुठलीही घेऊ नका. जुनी सेडान घ्यायची, एक्झॉस्ट बदलायचा, सस्पेन्शन खाली बसवायचं, यात हातचे पैसे संपतात, सर्किट राहतंच बाजूला आणि गाडी पळते ती रात्रीच्या हायवेवर. तिथे गाडी सुटली तर सावरायला रनऑफ नाही, मार्शल नाही, अ‍ॅम्ब्युलन्स उभी नाही. शिवाय आपल्या हौसेशी काडीचा संबंध नसलेली माणसं त्याच रस्त्यावर असतात. याला मी रेसिंग म्हणणार नाही.

आपल्या ऐपतीत बसणारी सुरुवात म्हणजे भाड्याची कार्ट. तिला खेळणं समजू नका. कार्टला डिफरन्शियल नसतो, मागची दोन्ही चाकं एकाच अखंड अ‍ॅक्सलवर असतात. त्यामुळे वळणात ती सरळच जाऊ पाहते. स्टिअरिंग फिरवल्यावर आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं, तरच ती वळते. भाड्याच्या कार्टला ब्रेक बहुधा फक्त मागच्या अ‍ॅक्सलला असतो. म्हणून वळणात शिरल्यावर घाबरून ब्रेक दाबला, की मागचा भाग गर्रकन फिरतो. ब्रेक सरळ रेषेतच पुरा करायचा, मग वळायचं आणि नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवायची, हे कार्ट पहिल्या दहा मिनिटांत शिकवते. पुढे फॉर्म्युला कारमध्येही हेच लागतं. सेशन संपल्यावर लॅप टायमिंगचा कागद मिळतो, तो जपून ठेवा. सगळ्यात वेगवान लॅपचं कौतुक नंतर. आधी बघा, तुमच्या लॅप्समध्ये आपसांत फरक किती पडतो. तो कमी होत गेला, तर तुम्ही शिकताय.

यासाठी लांब जायला नको. मुंबई-पुण्यात भाड्याच्या कार्ट मिळतात आणि कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर तर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत.

कारकडे वळायचं, तर गाठ कोइम्बतूर आणि चेन्नईच्या सर्किटांशी आहे. कोइम्बतूरचं कारी मोटर स्पीडवे ज्यांच्या नावानं उभं आहे, त्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन वापरून फॉर्म्युला मारुती ही स्वस्त, एकासनी रेसिंग कार घडवली. पुढे २००५ मध्ये फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेला नारायण कार्तिकेयन सुरुवातीला हीच कार चालवत होता. आपल्याकडे स्वस्त रेसिंग टिकलं ते या विचारामुळे, असं माझं ठाम मत आहे. इंजिन गल्लीतल्या गॅरेजला ठाऊक असलेलं हवं आणि गाड्या सगळ्यांना सारख्या हव्यात. एलजीबी फॉर्म्युला ४ ही शर्यतींची मालिका त्याच वाटेनं चालली आहे, नवख्यांसाठी जेके टायर नोव्हाइस कप आहे. आधी रेसिंग स्कूल, मग फेडरेशनचा म्हणजे एफएमएससीआयचा परवाना, मग एखाद्या टीमकडून भाड्यानं सीट, असा क्रम ठेवा.

सीट घेताना मात्र लाजू नका, सगळं लेखी घ्या. टायर भाड्यात आहेत का? सरावाचे सेशन किती? गाडी आदळली तर दुरुस्तीचा खर्च कुणाचा आणि त्याला कमाल मर्यादा आहे का? हा शेवटचा प्रश्न राहून गेला, तर एका वळणात वर्षभराची बचत जाऊ शकते. हेल्मेट मात्र स्वतःचं, नवं आणि प्रमाणित घ्या. तिथे काटकसर नको.

चाकण-पिंपरीत गाड्या बनवणाऱ्या आपल्या राज्यातल्या पोरांना कार शर्यतीसाठी तमिळनाडू गाठावं लागतं, याची मला खंत वाटते. कारखानदारांनी आणि सरकारनं मनावर घेतलं, तर इथेही साधं, छोटं सर्किट उभं राहू शकेल.

आणि आत्ता खिशात काहीच नसेल, तर मार्शल व्हा. शर्यती भरवणाऱ्या क्लबांना स्वयंसेवक लागतातच. झेंडे कळतात, अपघात कसे घडतात ते दिसतं आणि चांगले ड्रायव्हर ब्रेक कुठे दाबतात, हे ट्रॅकच्या कडेला उभं राहून बघायला मिळतं.