शार्कच्या हातात बंदूक

गेल्या मंगळवारी संध्याकाळी साडेसात ते आठच्या दरम्यान मी १९ गुंडांना लोळवलं.

माझं वय ६८. उजव्या गुडघ्याची वाटी झिजलेली. आजवरच्या आयुष्यात मी प्रत्यक्ष हात उगारला तो फक्त डासांवर, आणि तेही बहुतेक वेळा निसटले. तरीसुद्धा १९ जण आडवे झाले, आणि एरवी माझ्याकडे फोनच्या चार्जरइतक्याच आदराने पाहणारा माझा १३ वर्षांचा नातू म्हणाला, "आजोबा, एक नंबर!" बँकेत ३४ वर्षं काढली, पण हे दोन शब्द तिथे कुणी मला उच्चारले नव्हते.

ही मारामारी अर्थातच टीव्हीच्या पडद्यावर झाली. 'बॅटमॅन : आर्कम असायलम' नावाचा व्हिडिओ गेम आहे, लंडनच्या रॉकस्टेडी नावाच्या मंडळींनी तो २००९ साली काढला. नातवाच्या बापाने, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, तो नोकरी लागल्या लागल्या घेतलेला. यंत्रासकट माळ्यावर पडून होता. दिवाळीच्या साफसफाईत खाली आला आणि माझ्या म्हातारपणाला वळण लागलं. चांगलं की वाईट, यावर घरात एकमत नाही.

दुसऱ्या दिवशी हा पराक्रम मी सोसायटीच्या कट्ट्यावर सांगितला, आणि तिथेच भांडणाला तोंड फुटलं. कट्ट्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक येतात. त्यांना आम्ही सगळे नुसतं 'सर' म्हणतो. सर म्हणाले, "गुद्दे घालायला गोष्ट कशाला लागते हो? आणि ज्याला गोष्ट पाहिजे त्याने पुस्तक वाचावं. तुम्ही नातवाला माणसं मारायला शिकवताय." हे ऐकून धुमसत घरी आलो, तर चिरंजीव दुसऱ्या बाजूने तयार. "बाबा, तो जुना डबडा गेम कसला खेळताय! आता बघा, नकाशा केवढा असतो, पोशाख किती, शस्त्रं किती, दोन-दोन महिने पुरतो." म्हणजे पानात पदार्थ किती वाढले यावरून लग्नाची पंगत जोखणारी ही जात. वरणाला फोडणी बसलीय का, हे विचारायचं नाही.

मी या दोघांशीही भांडायला तयार आहे. माझं म्हणणं असं, की सुपरहीरोच्या गेममधली मारामारी रंगते ती त्या बाबाला काय काय करता येतं यामुळे नव्हे, तर काय करता येत नाही यामुळे. आणि गोष्ट रंगते तीही त्याच कारणाने. ज्याला हे कळलं त्याचा गेम माळ्यावरून खाली आला तरी ताजा. ज्याला नाही कळलं, त्याने शार्क माशाच्या हातात बंदूक द्यावी. (ही उपमा नव्हे. खरोखर दिली आहे. त्यावर येतोच.)

आधी बॅटमॅन. या गृहस्थाकडे दैवी असं काही नाही. पैसा आहे, तालीम आहे आणि एक नियम आहे: जीव घ्यायचा नाही. खेळणाऱ्याच्या हातात मोजकी बटणं. चौकोन दाबला की ठोसा, त्रिकोण दाबला की समोरच्याचा वार अडवून उलट फटका, गोल दाबला की आपल्या झग्याचा फटकारा. आठदहा गुंड भोवती गोल करून उभे. जो वार करणार असेल त्याच्या डोक्यावर क्षणभर एक खूण लखलखते. तेवढ्या क्षणात त्रिकोण दाबायचा. तुम्ही सलग किती नेमके वार केलेत, याचा आकडा वर चढत जातो. हवेत ठोसा मारलात किंवा मार खाल्लात, की आकडा पुन्हा शून्यावर.

पहिल्या दिवशी मी चौकोन असा बडवला, की नातवाला त्या बटणाची काळजी वाटली. मार खाल्ला. दुसऱ्या दिवशीही खाल्ला. तिसऱ्या दिवशी मला लहानपणचे तबल्याचे गुरुजी आठवले. दोन वर्षं शिकून मी तबला सोडला, की त्यांनी मला सोडलं, हा वादाचा मुद्दा, पण ते एक गोष्ट सांगायचे, "अरे, वाजवू नकोस. ऐक. सम येतेय ती बघ, मग हात टाक." तसं केलं. चौकोन, चौकोन, थांब... खूण दिसली, त्रिकोण. पुन्हा चौकोन. अंगाला एक लय आली. गुंड १९ झाले तेव्हा मी मारत नव्हतो, ठेका धरत होतो. शेवटचा गडी पडतो तेव्हा चित्र मंदावतं, आणि आपण समेवर आल्याची जाणीव होते. माझी मान आपसूक हलली. सरांना ही हिंसा वाटते. मला तो मध्यलयीतला तीनताल वाटला.

हिंदी सिनेमात गुंड आपापला नंबर येईपर्यंत मागे उभे राहून नुसते हलतात, ते पाहून आपण हसत आलो. इथेही ते गोल करून उभेच असतात. पण तिथे थांबणं हीरोच्या सोयीचं असतं, इथे ते तुमच्या परीक्षेचं होतं. फरक आहे.

आता गुंडांच्या हातात बंदुका आल्या की हाच बॅटमॅन पाचसात गोळ्यांत संपतो. मग काय करायचं? छताजवळच्या दगडी मूर्तींवर वटवाघळासारखं बसायचं, आणि एकटा सापडेल त्याला हळूच उचलायचा. गंमत अशी, की खाली उरलेल्यांची मनःस्थिती पडद्यावर लिहून येते. आधी शांत, मग अस्वस्थ, मग घाबरलेला. साथीदार एकेक करून नाहीसे होताहेत म्हटल्यावर ते सावलीवरही गोळ्या झाडतात. बॅटमॅन हा भीतीचं हत्यार वापरणारा माणूस आहे, हे कुणा पात्राने भाषण ठोकून सांगितलेलं नाही. माझ्या अंगठ्याने ते मला सांगितलं. सर, तुम्ही विचारता ना, गुद्द्यांना गोष्ट कशाला? अहो, गुद्दा हीच तिथे गोष्ट असते.

सुपरमॅनचं दुखणं याच्या बरोब्बर उलट. त्याला सगळंच येतं. १९९९ साली निंटेंडो ६४ यंत्रावर त्याचा एक गेम आला होता, तो आजही सर्वांत वाईट खेळांच्या यादीत मानाने बसतो. पृथ्वी उचलून धरणाऱ्या या महापुरुषाला त्यात धुक्यातून उडत हवेत टांगलेल्या कड्यांमधून जावं लागतं, तेही वेळेच्या आत. सर्कशीतल्या सिंहाला निदान पेटलेली कडी देतात! पुढे २००६ साली 'सुपरमॅन रिटर्न्स' सिनेमावरून गेम निघाला, त्यात मात्र एकाला अक्कल सुचली. सुपरमॅनला काहीच होत नाही, तर त्याच्या जिवाची पट्टी दाखवून उपयोग काय? म्हणून पट्टी शहराची दाखवली. मेट्रोपोलिस जितकं उद्ध्वस्त होईल तितकी ती घटणार. बाकीचा गेम रटाळच, पण ही एक कल्पना मला सोन्याची वाटते. ज्याला स्वतःला दुखत नाही त्याला दुसऱ्याचं दुखणं द्यावं लागतं. आपल्या हनुमंताला स्वतःच्या शक्तीचा विसर पडण्याची सोय जुन्या लोकांनी करून ठेवली ती उगाच नव्हे; नाहीतर रामायणाला एवढी कांडं लागली नसती.

स्पायडरमॅनच्या जुन्या गेममध्ये त्याचं जाळं चक्क आकाशाला चिकटायचं. वर काही नाही, तरी हा झोका घेतोय! २००४ सालच्या 'स्पायडरमॅन २'मध्ये ते खऱ्या इमारतींनाच चिकटायला लागलं, आणि इमारत नसेल तिथे पंचाईत होऊ लागली. त्या पंचाइतीनेच झोक्याला मजा आली. त्याच गेममध्ये त्याला वेळेत पिझ्झे पोचवायचीही नोकरी आहे. जगाचा त्राता, पण पिझ्झा गार झाला तर बोलणी खायची. हे मध्यमवर्गीय दुःख मला बॅटमॅनच्या झग्यापेक्षा फार जवळचं वाटलं.

आता शार्क. २०२० साली 'अ‍ॅव्हेंजर्स' नावाचा गेम आला. सुरुवातीला कमला खान नावाच्या पोरीची गोष्ट आहे, आणि ती छान आहे. पण तेवढी सरली, की पुढे आकडे गोळा करायचे. या पट्ट्याची ताकद इतकी, तो पट्टा तिच्याहून चार गुणांनी सरस. बरं, तो चढवला तरी अंगावर दिसत नाही! हल्कसारख्या डोंगराने साध्या यंत्रमानवाला दहा-दहा गुद्दे घालावे, का, तर याचा आकडा कमी. ३४ वर्षं मी खातेवह्यांतले आकडे जुळवले. निवृत्तीनंतर तेच थॉरच्या हातोड्यावर वाचायचे असतील तर मी बँकेतच बसलो असतो. सप्टेंबर २०२३ अखेर या खेळाची विक्री बंद झाली.

आणि २०२४ साली खुद्द रॉकस्टेडीने, ज्यांनी मला तीनताल शिकवला त्यांनी, 'सुइसाइड स्क्वॉड' काढला. चार खलपात्रं. एक नेमबाज आहे, त्याच्याकडे बंदूक असणं रास्तच. एक बूमरँग फेकणारा, त्यालाही बंदूक. एक हातोडा फिरवणारी हार्ली क्विन, तिलाही बंदूक. चौथा माणसासारखा चालणारा शार्क, जबड्यात दातांच्या रांगा, आणि त्याच्याही हातात बंदूक! अरे, शार्कला बंदूक द्यायची तर दात कशाला दिले? चारही गडी हवेत उडत एकाच पद्धतीने ठो-ठो करतात. अर्थात प्रत्येक बंदुकीला आकडा आहेच. ज्या बॅटमॅनने कुणाचा जीव घेतला नाही, त्याला या गेममध्ये बाकावर बांधून बसवतात आणि गोळी घालतात. त्याला आवाज देणारे केविन कॉनरॉय नोव्हेंबर २०२२मध्ये वारले होते. मी काही भाबडा नाही, पण चिरंजीवांना म्हटलं, "हा बघ तुझा मोठा नकाशा."

ते गप्प बसले. मग म्हणाले, "बाबा, ग्राफिक्स मात्र भारी आहेत."

गोष्टीचं म्हणाल, तर बहुतेक ठिकाणी ती मधल्या चित्रफितींत कोंबतात. मारामारी थांबवा, कंट्रोलर मांडीवर ठेवा, आता पात्रं बोलतील. मला हा प्रकार आवडत नाही. 'आर्कम असायलम'मध्ये स्केअरक्रो बॅटमॅनला भीतीचं औषध हुंगवतो तेव्हा आपण एका बोळकांडीतून नुसते चालत असतो. चालता चालता भिंती बदलतात, पाऊस लागतो, आईबापांच्या खुनाच्या रात्रीचे आवाज येतात, आणि पाहतो तो आपण लहानगा ब्रूस झालेले. करायला काही नाही, फक्त पुढे जायचं. मागे फिरावंसं वाटतं, पण कंट्रोलर आपल्याच हातात. चित्रफितीत हे जमलं नसतं.

मात्र माझाच नियम मला एके ठिकाणी गिळावा लागला. २०१८ सालचा इन्सॉम्नियॅक कंपनीचा 'मार्व्हल्स स्पायडरमॅन'. (ज्यांनी तो खेळायचा ठेवला आहे त्यांनी दोन परिच्छेद उडी मारावी.) त्यात पीटरचं घरभाडं थकतं आणि त्याला खोली सोडावी लागते. तो ज्यांना गुरू मानतो तेच डॉक्टर ऑक्टेव्हियस शेवटी शत्रू होतात. मधूनमधून मेरी जेनला घेऊन लपतछपत जावं लागतं. या भागांना सगळे शिव्या देतात, नातू तर जांभया देतो. माझं मत वेगळं आहे. पाच मिनिटं तिच्या पायांनी चाललं की भिंत ही भिंत वाटायला लागते, बंदूक ही बंदूक. ग्रँड सेंट्रल स्टेशनात ती बोट दाखवते आणि वरून स्पायडरमॅन तेवढाच गडी उचलतो, तेव्हा त्या पोराची किंमत कळते.

शेवटी शहरात रोगाची साथ येते. औषधाची एकच कुपी हाताशी. ती मे काकूला दिली तर ती वाचेल, पण मग शहरासाठी औषध बनवायला काही उरणार नाही. पीटर सुई हातात घेतो आणि थांबतो. मे काकू जाते. या प्रसंगात दाबायला बटण नाही. वीस-पंचवीस तास या खेळाने आपल्याला प्रत्येक संकटावर एक बटण दिलेलं असतं. चौकोन दाबा, गोल दाबा, सुटका. इथे कंट्रोलर हातात नुसता जड होतो. नातवाची आजी जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. तिच्या वेळीही डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं होतं, की आता करण्यासारखं काही नाही. नातू काही बोलला नाही. त्याने कंट्रोलर माझ्याकडे दिला आणि पाणी प्यायला उठून गेला. बराच वेळ आला नाही. मीही हाक मारली नाही.

हे मी कट्ट्यावर सांगितलं नाही. पण सरांना म्हटलं, एकदा घरी या, मग काय ते बोला. ते आले. चहा झाला. त्यांच्या हातात तोच स्पायडरमॅन दिला. सर गच्चीवर चार गुंडांच्या मध्ये उभे, आणि चौकोन माझ्यासारखाच बडवताहेत. नातू शांतपणे सांगत होता, "आजोबा, आता खूण गुंडाच्या डोक्यावर नाही, स्पायडरमॅनच्या डोक्याभोवती बघा. बॅटमॅन समोरच्याला ओळखतो, याला आतून कळतं. दिसली की गोल दाबून बाजूला व्हा." सर एकदा झाले बाजूला. मग दुसऱ्यांदा. चेहरा जरा सैलावला. तेवढ्यात त्यांची लाथ एका गुंडाला अशी बसली, की तो गच्चीच्या कठड्यावरून थेट खाली.

सरांनी कंट्रोलर खाली टाकला. "बघा! मारलात ना माणूस? हेच मी म्हणत होतो!"

"आजोबा, खाली बघा ना," नातू म्हणाला. त्याने स्पायडरमॅनला कठड्यापाशी नेऊन खाली वाकवलं. गुंड इमारतीच्या भिंतीला जाळ्यात घट्ट चिकटून लोंबकळत होता. "तो पडला तरी मरत नाही. तुम्ही काही दाबायच्या आधीच जाळं जातं. कुणीच मरत नाही याच्या हातून."

सर खुर्चीतून पुढे झुकून पडद्याकडे पाहत राहिले. "आपोआप?"

"आपोआप."

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा चढवला आणि कंट्रोलर उचलला. "बरं," ते म्हणाले, "ते बाकीचे तिघे कुठे गेले?"