सायकल दिली, वाट अडवली



आफ्रिकेतल्या रुआंडा देशाची ही हकिगत आहे. ऐकताना तुम्हाला आपल्या उसाची आठवण होईल.

तिथला कॉफी उत्पादक अल्पभूधारक. मळा डोंगरउतारावर, रस्ता म्हणजे पायवाट. तोडलेले फळ त्याच दिवशी धुलाई केंद्रावर जाऊन त्याचा गर काढावा लागतो. उशीर झाला की फळ आंबते, दर्जा जातो आणि भावही पडतो. त्यात ६-७ किलो फळांतून विकाऊ बी निघते जेमतेम १ किलो. बाकी सारे ओझे पाण्याचे आणि गराचे, तेही डोक्यावर! आम्हा कृषी पदवीधरांना कॉलेजात माल पिकवायला शिकवले; तो वेळेत बाजारात कसा न्यायचा, हे कोणी शिकवले नाही.

माउंटन बाईकच्या आद्य कारागिरांपैकी एक, अमेरिकेचे टॉम रिची, २००५ साली तिथे गेले. त्यांनी या शेतकऱ्यांसाठी लांब सायकल घडवली. मागचे चाक आणखी मागे नेल्यामुळे ओझे दोन चाकांच्या मधे येते आणि चढावर पुढचे चाक उचलत नाही. चढासाठी गिअर, उतारासाठी दमदार ब्रेक. एका खेपेत १०० किलोहून अधिक फळे जातात. सायकल फुकट वाटली नाही, कर्जावर दिली. हे आम्हाला पटते.

पण सायकलीने फक्त वेळ वाचत नाही. डोक्यावर टोपली असेल तर जवळचे केंद्र देईल तो भाव घ्यावा लागतो. सायकल असेल तर डोंगर ओलांडून जास्त भाव देणारे केंद्र गाठता येते.

नेमकी हीच ताकद २०१६ साली सरकारने हिरावून घेतली. झोन आखले. आपल्या झोनमधल्या केंद्रालाच फळ घालायचे, बाहेर न्यायचे नाही! कारण काय, तर दलाल हटतील, दर्जा राहील. अहो, रास्त भाव देणाऱ्याच्या दारात शेतकरी खडकाळ वाटेनेही जातो. कुंपण लागते ते कमी भाव देणाऱ्याला! २०२३ साली झोन उठले. मधल्या हंगामांत जे बुडाले, त्याची भरपाई कोण करणार?

उसाची झोनबंदी भोगलेल्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको. तेव्हा कोणी वाहन, अवजार, अनुदान देऊ केले तर घेण्याआधी एकच प्रश्न विचारा : हे घेऊन आमचा माल आम्हाला हवा तिथे विकता येईल ना? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती सायकल शेतकऱ्यासाठी नाही. ओझे तेवढे त्याचे.