सर्वज्ञ विचारतो तेव्हा

पदव्युत्तर वर्गाला कथनमीमांसा शिकवताना मी मार्कच्या शुभवर्तमानातला पाचवा अध्याय आवर्जून घेतो. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली एक स्त्री गर्दीतून मागून येते, येशूच्या वस्त्राला हात लावते आणि बरी होते. येशू वळतो आणि आपल्या वस्त्रांना कोणी स्पर्श केला, असे विचारतो. शिष्यांना हा प्रश्न हास्यास्पद वाटतो. एवढी रेटारेटी चाललेली असताना हे काय विचारणे! तरीही तो सभोवार पाहत राहतो. अखेर ती स्त्री थरथरत पुढे येते आणि सगळे खरे सांगते.

येथे वर्गातून एक उत्तर हमखास येते: त्याला ठाऊकच होते, त्याने मुद्दाम विचारले. हे उत्तर ख्रिस्ती विद्यार्थीच देतात असे नाही. कीर्तन ऐकत वाढलेला विद्यार्थी ते अधिक सहजतेने देतो. वृक्षवेलींना सीतेचा ठाव विचारणाऱ्या रामाचा उलगडा ‘लीला’ या एका शब्दात करण्याची आपल्याला सवय आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले आणि ख्रिस्त मराठी ओवीत अवतरला, हे आपले भाग्यच. पण पुराण ऐकण्याचा जो कान आपल्यापाशी आहे, त्याच कानाने आपण मार्कही ऐकतो. विद्यार्थ्यांविषयी माझी तक्रार नाही. मात्र एका चर्चासत्रात एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी सर्वज्ञाचा प्रश्न हा मुळी प्रश्नच नसतो, असे ठणकावून सांगितले आणि सभागृहाने माना डोलावल्या. त्या माना डोलावण्याला माझा विरोध आहे.

हे स्पष्टीकरण स्वीकारल्यावर त्या प्रसंगाचे काय होते, ते पाहावे. रक्तस्राव असलेली स्त्री यहुदी नियमशास्त्राप्रमाणे अशुद्ध. म्हणून तर ती चोरपावलांनी मागून आली. येशूला सगळे माहीत असेल तर त्याचे सभोवार पाहणे हा अभिनय ठरतो आणि तिचे थरथरणे त्या अभिनयासाठी वेठीला धरलेले. उलट त्याला खरोखरच माहीत नसेल, तर त्या क्षणी संपूर्ण सत्य एकटीपाशी आहे. ती गप्प राहू शकली असती. तिचे पुढे येणे ही तिची कृती आहे. एका अशुद्ध मानलेल्या बाईच्या सांगण्याची सारा जमाव वाट पाहत आहे, ही त्या कथेतली विलक्षण गोष्ट आहे. आणि ‘त्याला ठाऊकच होते’ हे एक वाक्य ती पुसून टाकते.

हा खटाटोप शुभवर्तमानांतच सुरू झालेला दिसतो. मत्तय हीच कथा सांगतो, पण त्याच्याकडे तो प्रश्न नाही. येशू वळतो आणि तिला पाहतो, बस्स. (मत्तय मार्कच्या अनेक कथा आखडतो, म्हणून एवढ्यावरून फार निष्कर्ष काढू नयेत हे मान्य.) योहान अधिक स्पष्ट आहे. भाकरी कोठून विकत घ्याव्यात असे येशू फिलिपाला विचारतो, तेव्हा हा प्रश्न केवळ परीक्षेसाठी होता, आपण काय करणार हे त्याला माहीत होते, असा खुलासा निवेदक लगेच जोडतो. मार्कचा येशू किती भाकरी आहेत असे विचारतो, आणि तेथे असा कोणताही खुलासा नाही. मार्कचा येशूही लोकांच्या मनातले ओळखतो, पेत्र आपल्याला नाकारील हे आधीच सांगतो. पण त्याला सर्व काही ठाऊक आहे, असे मार्क कोठेही म्हणत नाही. ‘सर्वज्ञ’ हे लीळाचरित्रातले चक्रधरांचे संबोधन आपण मार्कच्या पानावर डकवतो.

खरी अडचण तेराव्या अध्यायात आहे. शेवटच्या दिवसाविषयी व घटकेविषयी देवदूतांना आणि पुत्रालाही ठाऊक नाही, ते केवळ पित्याला ठाऊक आहे, असे येशू स्वतःच म्हणतो. मत्तयाच्या समांतर वचनात पुत्राचा हा उल्लेख काही प्राचीन हस्तलिखितांत आहे, पुढच्या बहुसंख्य प्रतींत नाही. चौथ्या शतकात आरियसच्या अनुयायांना या वचनात पुत्राच्या कनिष्ठतेचा पुरावा मिळाला. अथानासियसने उत्तर दिले की शब्द म्हणून त्याला ठाऊक होते, मनुष्य म्हणून नव्हते. मिलानच्या अम्ब्रोजने तर जुन्या ग्रीक प्रतींत ते शब्दच नव्हते, असे म्हटले. ऑगस्टीनने ठाऊक नसणे म्हणजे शिष्यांना ठाऊक करून न देणे, असा अर्थ लावला. व्याकरणाची एवढी ओढाताण आपल्या टीकाकारांनाही क्वचितच साधली असेल! सहाव्या शतकात थेमिस्टियस या अलेक्झांड्रियाच्या डीकनने मानवी ख्रिस्ताचे अज्ञान उघड मान्य केले आणि त्याचा पंथ पाखंडी ठरला. १९१८ सालीही रोमच्या होली ऑफिसने, पृथ्वीवरील ख्रिस्ताच्या आत्म्याला स्वर्गस्थांचे ईश्वरदर्शी ज्ञान नव्हते असे शिकवणे सुरक्षित नाही, असा निर्वाळा दिला.

या इतिहासातून ‘सापडली विसंगती, संपली श्रद्धा’ असा आनंद मानणारे आमचे बुद्धिवादी मित्रही चुकतात. ते आणि चर्चासत्रातले प्राध्यापक एकाच गृहीतावर उभे आहेत: देव असेल तर त्याला विचारावे लागता कामा नये. ख्रिस्ती परंपरेने मात्र ४५१ साली खाल्सेदोनच्या परिषदेत ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य असल्याचे ठरवले आणि ही अडचण स्वतःहून ओढवून घेतली. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात ख्रिस्ताचे मानवी ज्ञान स्वभावतः अमर्याद नव्हते आणि माणसाला अनुभवातूनच शिकावे लागते ते त्यालाही विचारून घ्यावे लागे, असे स्पष्ट म्हटले आहे. शेवटच्या दिवसाच्या बाबतीत तोच ग्रंथ ते प्रकट करणे हे त्याचे कार्य नव्हते, असे सांगून ऑगस्टीनच्या वळणावर जातो, हेही नमूद करायला हवे. तरीही चर्चने येथे जेवढी जागा मोकळी ठेवली, तेवढीही साहित्याच्या अध्यापकांनी ठेवू नये याचे नवल वाटते.

मग येशूला सगळे ठाऊक आहे, असे कोणी म्हणतच नाही का? योहानात शिष्य म्हणतात, आणि अगदी शेवटी पेत्र म्हणतो. पुनरुत्थित येशू त्याला विचारतो, तुझे माझ्यावर प्रेम आहे का. तीनदा. याच पेत्राने कोळशाच्या शेकोटीपाशी त्याला तीनदा नाकारले होते, आणि आताही किनाऱ्यावर कोळशाचाच विस्तव आहे. तिसऱ्या वेळी पेत्राला वाईट वाटते आणि तुला सर्व ठाऊक आहे, असे तो म्हणतो. आपल्या शब्दाला काही किंमत उरलेली नाही हे कळलेल्या माणसाचे हे बोलणे आहे. त्याच्या त्या ‘सर्व’मध्ये शेवटचा दिवस नाही, ग्रहतारे नाहीत, आपण काय केले आणि तरीही आपल्याला काय वाटते, एवढेच आहे. येशू त्यावर आपल्याला सर्व ठाऊक असल्याचे म्हणत नाही. तो त्याला मेंढरे चारायला सांगतो.